प्रश्नचिन्ह चालत नाही

गोठिवलीच्या त्या बोळात स्कूटर वळत नाही.
गावदेवीपाशी लावली, बॅग पाठीला टाकून चालत गेले.
फोनवर तक्रार एवढीच होती:
"पोरी, ढग अडकलाय."

हिराजी माधवी, वय एकाहत्तर.
ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या रंगाच्या कारखान्यात
एकतीस वर्षं व्हॉल्व्ह फिरवलेला माणूस.
पाइपाला कान लावला की गळती कुठं ते कळायचं, म्हणाले,
पण या यंत्राला आवाजच नाय.

ढगावर लाल फुली.
मी आधी नेहमीचं पाहिलं.
घड्याळ २००९ दाखवत होतं;
आतली नाण्याएवढी बॅटरी केव्हाच मेलेली,
आणि चुकीच्या वर्षातून आलेल्याला
सर्व्हर दारात उभं करत नाही.
बॅटरी बदलली, तारीख लावली, फुली गेली.
मग जागा नाही म्हणाला.
नातीच्या हळदीचा व्हिडिओ निघाला,
तीन तासांचा,
चार वेळा उतरवलेला.
तीन पुसले. एक राहू दे म्हणाले, त्यात बायको नाचलीय.

निळे बाण फिरू लागले
आणि सदतीस फायलींवर येऊन थबकले.
यादी उघडली.

मिठागर कुठं गेलं?
खारीचा बांध कुणी फोडला?
साडेबारा टक्क्यांतलं आलं किती?
हा अंगठा आजीचाच का?

बापाच्या पत्र्याच्या पेटीतले कागद.
फोनने फोटो काढले, फोनवरच नावं दिली,
फोन काही बोलला नाही.
संगणक मात्र नावात प्रश्नचिन्ह घेत नाही.
चांदणीही घेत नाही, उभी रेघही घेत नाही,
पण ती त्यांनी वापरलीच नव्हती.

"काढावं लागेल," मी म्हटलं.
"प्रश्न?"
"चिन्ह."

बराच वेळ ते खिडकीकडे बघत होते.
खिडकीत समोरच्या इमारतीची भिंत होती, दुसरं काही नाही.
"आमच्या बापाला ते चिन्ह ठावं नव्हतं," म्हणाले.
"तरी तो इचारायचाच."

सदतीस वेळा, माशाच्या तोंडातून गळ काढावा तसं,
मी ते वाकडं टोक काढत गेले.
एकेक कागद सुटून खाली आला,
'कुठं' तसंच, 'कुणी' तसंच.

निघणार तेवढ्यात अडतिसावी.
वारस यादी.
आणि तिच्या खाली पुन्हा वारस यादी,
कंसात: कामोठे-पीसीची विसंगत प्रत.

इथे यंत्र निवाडा करत नाही.
दोघांनी एकाच वेळी एकच कागद बदलला
की दोन्ही जपतं, शेजारीशेजारी,
दुसऱ्याला त्याच्या संगणकाचं नाव चिकटवतं
आणि मोकळं होतं.

कामोठ्याला पुतण्या राहतो.
हिराजींच्या यादीत पाच नावं.
पुतण्याच्या यादीत चार.
चांगुणाबाई, दिव्याला दिलेली बहीण,
तिच्या जागी ओळसुद्धा मोकळी सोडलेली नाही,
खालचं नाव वर सरकलंय.

"कुठली ठेवू?"
हा माझा रोजचा प्रश्न. लोक पटकन सांगतात,
नवी ठेव, मोठी ठेव, कुठलीही ठेव पण हे बंद कर.

हिराजींनी खुर्ची ओढली.
"नवीन कोरी कशी करतात?"
मी दाखवलं.
एका बोटाने, प्रत्येक अक्षराला कीबोर्डभर शोधत,
त्यांनी नाव टाइप केलं. आत काहीच लिहिलं नाही.

चांगुणाचं नाव कोनी काढलं

चिन्ह नाही. नियमात बसणारं.
बाण एकदाच फिरले. हिरवी खूण.

"ही कामोठ्याला दिसल?"
"त्याचा संगणक चालू असेल तर, आत्ता."

त्यांनी मला चहा विचारला नाही, पैसेही विसरले.
खुर्चीत तसेच पुढे वाकून बसले,
कान जरासा पडद्याकडे करून.